बेचाळिसावा ठिपका

शिवलीलाचं वागणं गौरम्माला खटकत होतं. गोव्याला शिकणारी नात आठ दिवसांसाठी घरी आलेली, पण आजीची चाहूल लागली की लॅपटॉपचं झाकण खाली. चाळीस वर्षं शुक्रवार पेठेत ज्वारीचं दुकान चालवलेल्या बाईला लपवाछपवी कळत नाही होय? नक्की कुणीतरी पोरगा असणार.

आज ती न खोकता आत शिरली. हातात कडक भाकरी आणि शेंगाचटणीचं ताट.

पडद्यावर पोरगा नव्हता. निळा समुद्र होता, त्यावर काळे ठिपके.

“हे काय गं? सोलापुरात समिंदर कुटला?”

“अज्जी, समुद्रात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. प्लवक. मासे त्यांच्यावर जगतात. पाणी तापत चाललंय, तर ते कुठं सरकतील याचा अंदाज काढतेय मी.”

“सगळा समिंदर बघितलास व्हय?”

“नाही गं. बोटीवरून बेचाळीस ठिकाणचं पाणी काढलं. एक ठिपका म्हणजे एक नमुना. उरलेलं कॉम्प्युटर त्यावरून सांगतो.”

यात गौरम्माला नवीन काही वाटलं नाही. पोत्यात सळई खुपसायची, मूठभर दाणे काढायचे आणि त्यावर सगळ्या गाडीचा भाव ठरवायचा. तरी तिनं ठिपक्यांवरून बोट फिरवत मोजायला घेतलं. पहिल्या मापाला ‘एक’ म्हणायचं नाही, ही दुकानाची रीत.

“लाभ, दोन, तीन…”

“अज्जी, राहू दे की!”

बोट थांबलं नाही. “एक्केचाळीस. एक कुटं हाय?”

शिवलीलानं भाकरीचा तुकडा मोडला, तोंडात घातला नाही. “तो मी काढून टाकला. तिथं पाणी तापलेलं, तरी प्लवक भरपूर निघाले. तो धरला तर ते सरकलेच नाहीत असं दिसतं, माझा सगळा अंदाज फसतो. पाच वाजता सरांना नकाशा पाठवायचाय. नाही पाठवला तर पुढच्या बोटीवरची माझी जागा जाईल.”

“पाणी काढताना काय चुकलं हुतं?”

“नाही.”

“काढलं कुणी?”

“मीच.”

गौरम्मानं पडद्यावरचं बोट मागं घेतलं.

“पोरगा लपवला असतास तर लगीन लावून दिलं असतं,” ती म्हणाली. “सोताच्या हातानं काढलेलं पाणी लपवतीस? तुला मी दुकानाच्या पायरीवर बी बसवली नसती.”