एकोणीस सेकंदांचं मौन

खऱ्या कलावंताला भय ठाऊक नसतं. हे वाक्य मास्तरांच्या पुस्तकात पहिल्याच पानावर आहे. ते लिहिणारे मास्तर या क्षणी संगीत महाविद्यालयाच्या बाथरूममध्ये आतून कडी लावून उभे होते.

"अहो, बाहेर या," बायको दारावर टकटक करत म्हणाली. "सत्कार तुमचा आहे, माझा नाही."

"तो आलाय?"

"कोण तो?"

"रेकॉर्डिस्ट."

"तो काठीवाला म्हातारा? पहिल्या रांगेत बसलाय. खिशातून सारखा एक कागद काढतोय, वाचतोय आणि परत ठेवतोय."

आतून नळ सोडल्याचा आवाज आला.

मास्तर जॅझमधलं सगळं वाजवत. सॅक्सोफोन, क्लॅरिनेट, बासरी, ट्रम्पेट, पियानो, डबल बास. घरात शिलाई मशीन तेवढं वाजवायचं राहिलंय, असं बायको म्हणायची. पण जगाला मास्तर माहीत होते ते न वाजवलेल्या एकोणीस सेकंदांसाठी. एकतीस वर्षांपूर्वीच्या त्यांच्या एकुलत्या एक गाजलेल्या रेकॉर्डवर, ऐन सोलोच्या तोंडाशी, सॅक्सोफोन गप्प होतो. ड्रम चालू, बास चालू, मास्तर गप्प. आणि मग विसाव्या सेकंदाला असा सूर येतो, की समीक्षकांच्या अंगावर अजून काटा येतो.

त्या मौनावर मास्तरांनी पुस्तक लिहिलं. दुसऱ्या वर्षाला 'मौन' हा शंभर गुणांचा पेपर लावला. विद्यार्थी वाद्य तोंडाला लावून बसत आणि वाजवत नसत. दरवर्षी दोघे-तिघे नापासही होत. आज महाविद्यालयाच्या नव्या सभागृहाला मास्तरांचं नाव द्यायचं होतं.

अडचण एवढीच होती, की त्या एकोणीस सेकंदांत मास्तर वाजवत होते.

जीव तोडून वाजवत होते. डोळे मिटून. फक्त पाठ केलेली स्वरलिपी होती लहान सॅक्सोफोनची आणि हातात होता मोठा. बोटं अगदी बरोबर आणि सूर भलत्याच गावचे. डोळे उघडले तेव्हा काचेपलीकडच्या खोलीतल्या पियानोवाल्याचा चेहरा दिसला. दाढ दुखत असल्यासारखा. मास्तरांनी घाईघाईने सूर सावरला. पुन्हा रेकॉर्ड करायला वेळ नव्हता, दुपारी स्टुडिओ दुसऱ्यांना हवा होता. महिनाभर मास्तर जेवले नाहीत. मग रेकॉर्ड आली, आणि त्या जागी नुसती शांतता.

कुणीतरी ऐकलं होतं. कुणीतरी अब्रू वाचवली होती. पुढे पियानोवाला गेला, ड्रमर गेला, बासवालाही गेला. प्रत्येकाच्या शोकसभेत मास्तर मनापासून रडले आणि घरी येऊन शांत झोपले. उरला तो एकच, बटणांपुढे बसलेला.

मास्तर बाथरूममधून बाहेर येताच तो समोर उभा.

"मास्तर, ओळखलंत?"

"म्हणजे काय! विसरेन कसा?"

"त्या एकोणीस सेकंदांबद्दल बोलायचंय." म्हाताऱ्याने पुन्हा तो कागद काढला. "एकतीस वर्षं पोटात ठेवलंय. आता बायपास झाली. डॉक्टर म्हणाले, मनावर ओझं ठेवू नका."

"डॉक्टरांचं सगळंच ऐकायचं नसतं हो."

"नाही, आज सांगूनच टाकतो."

"इथेच सांगा ना. आपण दोघंच आहोत."

"नको. चार लोकांत बोललेलं बरं. नंतर भानगड नको."

तेवढ्यात प्राचार्याबाई आल्या आणि "चला चला, उशीर होतोय" करत त्यांना मंचावर घेऊन गेल्या.

भाषणं झाली. एकाने मौनाला महासागर म्हटलं, दुसऱ्याने गर्भ. मास्तरांना ऐकू येत होती ती फक्त काठीची टकटक. प्राचार्याबाई म्हणाल्या, "आणि आता त्या ऐतिहासिक क्षणाचे एकमेव साक्षीदार..." म्हातारा उठला. एक पायरी चढला. दुसरी चढला.

पोलिसांनी पकडून नेण्यापेक्षा चोराने आपल्या पायाने चौकीत गेलेलं बरं, असा विचार मास्तरांच्या मनात आला, आणि त्यांनी माइक ओढून घेतला.

"थांबा. मी सांगतो. ते मौन माझं नाही." आवाज चिरकला. "मी चुकीचा सॅक्सोफोन उचलला होता. एकोणीस सेकंद मी बेसूर वाजवत होतो. या माणसाने ते ऐकलं आणि माझा आवाज बंद केला. एकतीस वर्षं मी यांचं मौन माझं म्हणून शिकवलं. खरे कलावंत हे आहेत. सभागृहाला नाव द्यायचं तर यांचं द्या."

बायकोने कपाळावर हात मारून घेतला. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळे उभे राहिले. दोन विद्यार्थिनींनी तर डोळे पुसले. प्राचार्याबाईंनी म्हाताऱ्याला हाताला धरून माइकपाशी आणलं.

म्हाताऱ्याने कागद उलगडला, वाचला, घडी करून खिशात ठेवला.

"मास्तर बेसूर होते, हे मला आत्ता कळलं," तो म्हणाला. "मी माफी मागायला आलो होतो. एवढा चांगला सोलो कुठे गेला, असं एक दिवस हे विचारतील, या भीतीत इतकी वर्षं काढली. मी त्या वेळी तिथे नव्हतोच हो. लघवीला गेलो होतो. परत आलो तर यांच्या माइकची पिन निघालेली, ती लगेच खोचली. जाताना माझाच पाय लागून ती सैल झाली असणार."