एका दिवसापुरतं औषध

नलिनी सामंत सकाळपासून औषधकेंद्राच्या बाकावर बसून होत्या. त्यांच्या यजमानांसाठी, फक्त त्यांच्यासाठी, यंत्राने आज एक नवं रसायन रचलं होतं. जगात ते याआधी कुणीच बनवलं नव्हतं; तापल्यावर ते कसं वागेल, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तपासनीस फिरोज मुजावर चिमूटभर नमुना उष्णतामापीत पाच अंश तापवायचा, थांबायचा, पुन्हा पाच अंश तापवायचा.

"अरे, एवढ्या वेळात माझा चार वेळा भात झाला असता."

"भात स्वतःहून तापत नाही, काकू. हे साठ अंशांनंतर आपलं आपणच तापायला लागलं."

"म्हणजे मिळणार नाही?"

"महिन्याचं एकदम बनवलं, तर आतली उष्णता बाहेर पडणार नाही. भांडं फुटेल." फिरोज अडखळला. "थोडं असलं, की ती निघून जाते. साठवून ठेवलं तरी तेच होईल, म्हणून एका दिवसापुरतं बनवून देतो. पण तुम्हाला रोज दोन एसट्या बदलून यावं लागेल."

"किती दिवस?"

"काका आहेत तोवर."

नलिनीबाईंनी डोळे पुसले आणि पिशवी उचलली.

"मग पुष्कळ वर्षं यायला लागू दे. उद्या किती वाजता उघडतोस?"