लिंबाजीचं नाव

अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण बसलंय ते दिसलं आणि सरजाबाई मागंच बसली. बन्सीधर मालक! ज्याच्या बापानं तिच्या भावाला, लिंबाजीला, विहिरीवर पाणी शेंदलं म्हणून मरेस्तोवर मारलं, त्याचा लेक. गळ्यात झेंडूचा हार घालून बसला होता, बौद्धवाड्याच्या मधोमध.

आता चंद्रभान मास्तराला तरी काय बोल लावायचा? पोरगा सोनपेठकडचा, गावात नवा. पेपरात वाचलं त्यानं, की अमेरिकेतल्या काळ्या लोकांत एका शिकलेल्या माणसानं पन्नास वर्षांमागं आपल्या इतिहासाचा आठवडा सुरू केला, आणि यंदा त्याचा महिना झाला. गुलामांची नातवंडं वाडवडलांची नावं मोठ्यानं घेतात म्हणे. झालं, मास्तर पेटला. "आजी, आपला इतिहास आपूनच सांगायचा!" पण कार्यक्रम म्हटला की अध्यक्ष आला, अन् अध्यक्ष म्हटला की गावात एकच माणूस. आधी वस्तीत कुणाला विचारून घ्यावं, हे त्याला सुचलं नाही.

सरजाबाई मात्र हरखून गेली होती. लिंबाजीचं नाव तिनं उभा जन्म दाताखाली धरलं होतं. "समद्यायपुढं सांगते," म्हणाली होती.

"सांगा आजी," मास्तर म्हणाला.

ती उठली. समोर वस्तीतली लेकरं मांडी घालून बसलेली. "माझा भाऊ लिंबाजी..."

म्हाताऱ्या सटवाजीनं मान खाली घातली. ज्वारीची काढणी तोंडावर आलेली, अन् अख्खी वस्ती मालकाच्याच रानात राबायची.

"बोल की गं," मालक हसून म्हणाला. "काय झालं त्याला?"

सरजाबाईनं मागं वळून पाहिलं. सून तिच्याकडं बघत हात जोडून बसली होती.

"पटकीनं गेला, मालक."

"अरेरे! लय वाईट साथ होती ती. आमच्या वडलानी तवा ह्या वस्तीत घरोघर औषध वाटलं."

मास्तरानं टाळ्या वाजवल्या. लेकरांनीही वाजवल्या.

मालक गेल्यावर सटवाजीनं मास्तराला खरं काय ते सांगितलं. तो धावत तिच्या दाराशी आला. रडायचाच बाकी होता.

"आजी, चुकलं माझं. उद्या लेकरायला खरं सांगू."

"ऱ्हाऊ दे, बाबा," सरजाबाई म्हणाली. "तवा त्याला मालकाच्या बापानं मारलं. आज म्या मारलं."