ऑर्गनची जागा

ऑर्गनवाला काका वारला, चाळीस वर्षांचा रॉक बँड मोडला, तेव्हा कुठे बाबा एकट्याचा अल्बम करायला तयार झाले. रेकॉर्डिंगला काचेच्या अलीकडे लेकच बसली होती. हल्ली बाबा शेजाऱ्यांची नावं विसरायचे, त्यामुळे तिचं सारखं त्यांच्याकडे लक्ष असायचं.

दुसरं कडवं झकास झालं. तिसऱ्याच्या जागी मात्र बाबा माइकपासून एक पाऊल मागे सरकले आणि डोळे मिटून गप्प उभे राहिले. मागे नुसता ठेका चालू. मिनिट गेलं, दोन गेली. विसरले शब्द! लेकीचा हात बटणाकडे गेला. ती टेक थांबवणार, तोच बाबा पुढे झाले आणि त्यांनी बरोबर ठेक्यावर तिसरं कडवं उचललं.

गाणं संपल्यावर ती दार ढकलून आत गेली. "बाबा, मध्ये शब्द आठवेनात का?"

"हॅट्! आमची गाणी म्हणजे मारुतीचं शेपूट, माहीत नाही का तुला? तिथे ऑर्गन असतो. दुसरा वाजवत असताना आपण मध्ये तोंड घालायचं नसतं."

लेकीचा जीव भांड्यात पडला. एवढ्या वर्षांची सवय, दुसरं काय! तिला हसूच आलं.

"मग ती रिकामी जागा कापून टाकते."

"रिकामी?" हेडफोन काढता काढता बाबा थबकले. त्यांनी कोपऱ्याकडे एक नजर टाकली आणि ते तिच्या कानाशी येऊन कुजबुजले, "हळू बोल गं. काकाला ऐकू जाईल."