विषय बदलायचाय

या, असे जवळ सरकून बसा. टाळ-मृदंग नाही, पण गोष्ट ऐकण्याजोगी आहे.

विद्यापीठात विषय बदलण्याचा शेवटचा दिवस होता. शलाकाला रसायनशास्त्र सोडून भूगोल घ्यायचा होता, नाहीतर वर्ष वाया जाणार. ती आपल्या मार्गदर्शक सरांकडे गेली.

"मी फक्त हजेरी बघतो, बाळा. विषयाचं विभागप्रमुखांना विचार."

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "रसायनात मन रमत नाही? मग मनाचं काम समुपदेशकांकडे!"

समुपदेशक तांबोळी मॅडमच्या दारात शलाकाला रडूच फुटलं. "मॅडम, मला मन नाही, विषय बदलायचाय! आणि कार्यालयाची खिडकी आता बंद होईल!"

मॅडमही वैतागल्या. "पालखी उचलायला तिघं, आणि जो तो दुसऱ्याचा खांदा बघतोय!" त्यांनी चप्पल अडकवली, पोरीचा हात धरला, वाटेत सरांना खुर्चीतून उठवलं आणि सगळी वरात विभागप्रमुखांच्या खोलीत नेली. "तिघं एकत्र बसू. हिला काय झेपेल ते ठरवू, मगच चहा."

खिडकी बंद होता होता शलाकाचा भूगोल पक्का झाला.

पुढच्या वर्षी विद्यापीठानं तांबोळी मॅडमचं पदच काढून टाकलं. मार्गदर्शक आहेत, विभागप्रमुख आहेत, मग समुपदेशक कशाला, म्हणे! या शहाणपणाला काय म्हणावं?

माउली, आज देवापुढे हात जोडाल, तेव्हा तेवढी तांबोळी मॅडमची आठवण काढा.