उशिरा पडणारा चेंडू

म्युनिकच्या बाल्कनीत सुधाताईंनी डिशवरचा बर्फ पुन्हा झाडला, तरी टीव्हीवरचं चित्र अडकलेलंच राहिलं.

"आई, पुरे आता. इंटरनेटवरचा टीव्ही घेऊ. सामना थोडा उशिरा दिसतो, एवढंच," मुलगी म्हणाली.

त्या थोड्या उशिराचीच सुधाताईंना धास्ती होती. मिरजेत अंथरुणाला खिळलेली अक्का आणि त्या, दोघी बहिणी फोन चालू ठेवून प्रत्येक सामना सोबत पाहायच्या. आता अक्काला सगळं आधी दिसणार, आणि तिच्या तोंडात तर तीळ भिजत नसे. मग सोबत पाहण्यात राहिलं काय? पण हात पार गारठले होते. "घे बाई," त्या थकून म्हणाल्या.

रविवारी शेवटच्या चेंडूवर षटकार हवा होता. सुधाताईंच्या पडद्यावर गोलंदाज अजून चेंडू पुसत होता, तोच फोनमधून अक्काच्या सुनेची आरोळी आली.

"गप गं! सुधाचा चेंडू अजून पडायचाय," अक्का तिला दटावत होती.

मग पलीकडे टीव्हीचा आवाज बारीक झाला.

"टाकला का गं?" अक्काने हळूच विचारलं.

"धावतोय अजून."

"धावू दे सावकाश. मी थांबलेय."