आबांचं रान

डोळ्यांवरची ओढणी वेदिकाने सोडली आणि आबांना पहिल्यांदा दिसलं ते गेट. काळं, लोखंडी, दोन पुरुष उंच. त्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, ‘आबांचं रान’.

“सरप्राइज!” नात किंचाळली. तिच्यामागे हर्षल आणि निकिता, मुलगा आणि सून, टाळ्या वाजवत उभे होते.

आबा हसले. घरचे टाळ्या वाजवतात तेव्हा हसायचं असतं, एवढं या वयात कळतं. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. समोर ओळखीची डोंगराची सोंड, खाली धरणाच्या पाण्याची पट्टी. म्हणजे हा गिरणाऱ्याच्या पुढचा माळ. त्यांचा माळ! मग गवत कुठे गेलं?

गंगापूर रोडच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर आबांची मतं सगळ्यांना तोंडपाठ होती. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे. दिसली मोकळी जागा की खड्डा खणून झाड लावणाऱ्यांना जमिनीतलं काही कळत नाही. आणि फार्महाऊसवाल्यांबद्दल ते जे बोलत ते नातीसमोर बोलण्यासारखं नसे. या माळाचा पत्ता त्यांनी पक्षी बघायला येणाऱ्या जिवलग मित्रांनाही दिला नव्हता. कोणी फारच खोदून विचारलं तर ते खुशाल भलत्याच, वणीच्या दिशेला बोट दाखवत.

“तुम्हाला कशी सापडली ही जागा?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“लाइव्ह लोकेशन, आबा!” हर्षलला सांगताना धीर धरवत नव्हता. “पाय मुरगळला तेव्हापासून तुम्ही रविवारी फोनवर लोकेशन चालू ठेवता ना? तो ठिपका दर वेळी इथेच येऊन तासन्‌तास थांबायचा. निकिता म्हणाली, आबांचा जीव जिथे रमतो, तीच जागा घेऊ. आणि तुमचा गावाकडचा सातबारा कामाला आला बघा. शेतकऱ्याचा मुलगा म्हणून घेता आली मला.”

बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले. खरी पंचाईत तिथेच होती. पोराने वाईट हेतूने केलं असतं तर आबांनी त्याला तिथल्या तिथे फैलावर घेतलं असतं.

“गवत काढलंत?”

“काढलं ना. साप असतात, आबा,” निकिता म्हणाली. “तुम्ही एकटे जाऊन बसायचात त्यात. इकडे आमचा जीव टांगणीला.”

ऊन फार आहे म्हणून मागचे काही रविवार तिने त्यांना घराबाहेर पडू दिलं नव्हतं. आबांना सुनेच्या काळजीचं कौतुक वाटलं होतं. तेवढ्यात इथे जेसीबी येऊन गेला होता. सगळा माळ खरवडून त्यावर मुरूम टाकला होता, रोलर फिरवून तो दाबला होता. कुंपणाच्या कडेला विकतच्या हिरवळीच्या वळकट्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. मधोमध छोटा मांडव घालून गुरुजी भूमिपूजनाची तयारी करत होते. अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त धरला होता.

“इथे लॉन, तिकडे झोपाळा,” वेदिका त्यांचा हात ओढत होती, “आणि त्या कोपऱ्यात पक्ष्यांना पाणी प्यायला संगमरवरी भांडं!”

आबांना काही ऐकू येत नव्हतं. मांडवाच्या वर दोन माळटिटव्या कर्कश ओरडत घिरट्या घालत होत्या. आबा त्या जोडीला ओळखत होते. शेवटचे इथे आले तेव्हा मादी अंड्यांवर बसलेली होती. घरटं म्हणजे नुसती उघडी जमीन. अंडी इतकी खड्यांच्या रंगाची की आबाही दुर्बिणीतूनच बघत, जवळ जात नसत.

रोलरच्या सावलीत बसलेला त्याचा चालक हिरामण उठून पुढे आला. “लय तरास दिला त्या पाखरांनी, बाबा,” तो कौतुकाने म्हणाला. “रोलरच्या म्होरं येऊन बसायची. हुसकून हुसकून दमलो म्या. काम झालं तरी जात नाय ती.”

आबांनी मांडवाचा खांब धरला.

“टिटवी?” गुरुजींनी हातातली सुपारी खाली ठेवली. “ऐन मुहूर्तावर? हे काही बरं लक्षण नाही.”

निकिताचा चेहरा उतरला. मग तिला एकदम आठवलं आणि ती हसली. “आबा, तुम्हीच समजावा गुरुजींना. टिटवी ओरडली तर अशुभ वगैरे काही नसतं, हे तुमच्याइतकं कोण सांगणार?”

ते खरंच होतं. या एका गोष्टीवरून आबा निम्म्या नाशकाशी भांडले होते. व्याह्यांशी तर ऐन लग्नाच्या पंगतीत वाजलं होतं. आता सगळे त्यांच्याकडे बघत होते. हर्षलच्या हातात पूजेचं तबक होतं. आबांनी नुसती मान हलवली असती तरी पूजा सुरू झाली असती.

“अशुभ आहे,” आबा म्हणाले.

“आबा!”

“अशुभच आहे, गुरुजी. बंद करा हे.”

आबांनी चपला काढल्या. दाबलेल्या मुरमावर एक पाऊल नीट बघून मगच दुसरं टाकत, वाकून, हाताने खडे चाचपत ते पुढे निघाले. टिटव्यांनी मांडव सोडला आणि त्या सरळ त्यांच्या डोक्यावर झडप घालायला लागल्या.